घरचा बेकारभत्ता

बायकोच्या केसांना कलप लावणं हे माझं काम होतं. मानेमागचं तिला दिसत नसे, आणि माझा हात ब्रशावर बसलेला. उभा जन्म सुतारकामात आणि दारं-खिडक्यांना पॉलिश मारण्यात गेला. त्या गुरुवारी संध्याकाळीसुद्धा, मस्कतपासून दोन तासांवर रुस्ताकच्या आमच्या घरामागच्या ओट्यावर ती स्टुलावर बसली होती, खांद्यावर जुना टॉवेल घेऊन, आणि मी मागे उभा.

"अहो, हळू. दरवाजा नाही मी."

"दरवाजा बरा. तो बोलत नाही."

"कुरकुरतो तरी. मग तुम्हीच तेल घालत बसता."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, मुलाकडे बौशरला जेवायला जायचं होतं. सुनेसमोर पांढरे केस घेऊन जाणं तिला कमीपणाचं वाटे. सुनेचे स्वतःचे केस तीन रंगांचे आहेत, पण ते सोडा.

मी म्हटलं, "माझं काम अजून दोन-तीन आठवडे. मग पुढे काय?"

"पुढे काय म्हणजे? मी सांगते त्याला. तुम्ही तोंड उघडू नका. तुम्ही उघडलंत की भांडणच."

"मी कुठे उघडतोय?"

"कानाला लागलं बघा. पुसा ते."

मी पुसलं. एवढंच. शेवटचं म्हणून काही भारी बोलली असती तर आज लिहायला बरं पडलं असतं, पण आमच्यात तशी पद्धत नव्हती.

हे 'मी सांगते त्याला' प्रकरण काय, ते आधी सांगतो. मी ज्या वर्कशॉपात दारं घडवली ते बंद पडलं. नोकरी गेली की इथलं सरकार आपल्या माणसांना महिन्याला पैसे देतं. चांगली गोष्ट आहे. आमच्यासारख्या बाहेरच्यांना विमानाचं तिकीट मिळतं. पण वर्कशॉपचा मालक भला माणूस, म्हणाला, इथे राहायचं कार्ड अजून वर्षभर चालेल, तोवर राहा. म्हणजे बेकार राहायची रीतसर परवानगी मिळाली.

तेव्हापासून घरभाडं आणि खर्चाचे पैसे मुलगा देऊ लागला. तो अल् खुवैरला ऑफिसात बसतो. पगार मोठा, बोलणं थोडं. मी त्या पैशांना बेकारभत्ता म्हणायचो. बायको चिडायची.

"पोटचा मुलगा देतो त्याला भत्ता म्हणतात?"

"मग काय म्हणू, पगार? बाप असण्याचा?"

भत्त्याचं सगळं ऑफिस तिच्याकडे. मुलाने मला पैसे कधी दिले नाहीत, मी कधी मागितले नाहीत. गंमत म्हणजे तीही मागत नसे. महिना भरत आला की फोनवर इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणायची, "घरमालक आला होता." बस. पुढच्या शुक्रवारी मुलगा तिच्या हातात पाकीट ठेवायचा. सरकारी खात्यात एवढ्यासाठी माणूस चार खिडक्यांवर फिरतो. आमच्याकडे तीन शब्दांत काम व्हायचं.

घरमालक आमच्या पुढच्याच घरात राहतो. इथलाच, चाळिशीचा, बापाने ठेवलेली दोन लहान घरं पदरात. तोही अल् खुवैरला ऑफिसात होता, तिथून त्याला काढलं, तेव्हा त्याला मिळत होता तो खरा बेकारभत्ता. मी त्याला मुद्दाम अर्बाब, म्हणजे मालक, म्हणायचो. बेकार मालक आणि बेकार भाडेकरू, दोघं संध्याकाळी भिंतीला टेकून चहा प्यायचो. त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी.

अशात गावात एक मोठं दुकान उघडायचं ठरलं. ठेकेदाराला रॅक आणि काउंटर बनवायला सुतार हवा होता, दोन महिन्यांसाठी. शिवाय सरकारी नियमासाठी कागदावर दाखवायला एक इथला माणूसही हवा होता. सुतार म्हणून मी लागलो. घरमालकाला फाटकापाशी खुर्ची मिळाली. आत कोण जातं ते बघायचं. बाहेर कोण येतं ते बघायला दुसरा ठेवतील असं मला वाटलं होतं.

तर घरमालक काळजीत. "उस्ताद, नोकरी घेतली की माझे पैसे थांबवावे लागतात. परत चालू झाले नाहीत तर?"

"होतील. इन्शाल्ला."

"तू इन्शाल्ला म्हणू नकोस, तुझ्या तोंडी ते शिवीसारखं वाटतं."

त्याने मोबाइलवर काहीतरी दाबलं, मग निरोप आला. भत्ता थांबवला आहे, उरलेले महिने शिल्लक राहतील, नोकरी संपली की पुन्हा सुरू. त्याचा जीव भांड्यात पडला. मी म्हटलं, "मीही माझा थांबवतो."

"तुला कोण देतं भत्ता?"

"माझं घरचं सरकार."

तो एवढा हसला की चहा दिशदाशावर सांडला. पांढराशुभ्र झगा त्याचा, इस्त्रीचा. बायकोची बोलणी खाल्ली असतील.

मी मात्र घरी जाऊन ताठ मानेने सांगितलं, "दोन महिने त्याच्याकडून छदाम घ्यायचा नाही. सांग त्याला. म्हणावं, बाप कमावता झाला."

"सांगते," ती म्हणाली.

आणि काय ते दिवस! हात पुन्हा लाकडाला लागले. घरी गेलो की ताटात सुरमई. एरवी आमच्याकडे बांगडा आणि तारली. मी पाय पसरून म्हणायचो, "बघितलंस? माणसाच्या हाताला काम असलं की ताटाला रंग येतो." ती आणखी एक तुकडी वाढायची.

कलप लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ती मागच्या ओट्यावर केस विंचरायला बसली. मी आत शर्ट शोधत होतो. हाक मारून विचारलं, निळा कुठाय? उत्तर नाही. मला राग आला. बाहेर जाऊन बघतो तर भिंतीला टेकलेली, फणी मांडीवर. डॉक्टर म्हणाले हृदय. मी शर्टावरून चिडलो होतो हे डॉक्टरला सांगायची गरज नव्हती.

मस्कतकडे आपल्या लोकांचं स्मशान आहे, तिथे नेलं. आलेला प्रत्येक जण वय विचारायचा आणि म्हणायचा, "वाटत नाही हो." कसं वाटेल? आदल्या संध्याकाळी रंगवलेली. माझ्या हाताची इतकी तारीफ कुठल्या दरवाज्यानेही मिळवून दिली नव्हती.

ठेकेदाराने फोनवर दुःख व्यक्त केलं आणि त्याच दमात विचारलं, काउंटर कधी? दिवसकार्य झाल्यावर गेलो. घरी बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा रॅककडे बघणं बरं. काउंटर झाले, दुकान उघडलं, आमचं खलास. घरमालकाची खुर्चीसुद्धा उचलून नेली.

आठवड्याभरात त्याचा मोबाइल वाजला. मला दाखवायला धावत आला. भत्ता पुन्हा सुरू. "उस्ताद, तुझा झाला चालू?"

"माझ्या ऑफिसातलं माणूस गेलं. आता खिडकीवर कुणी नाही."

मी विनोद म्हणून बोललो. तो हसला नाही. चपलेकडे बघत राहिला.

कामाचा शेवटचा पगार भाड्यात गेला. पुढचं मुलाला सांगायला हवं होतं. जगात कुणालाही तोंडावर बोलणारा माणूस मी. ठेकेदाराला चोर म्हटलंय, व्याह्याला कंजूष म्हटलंय, तेही लग्नाच्या मांडवात. मुलाचा रोज फोन यायचा. "बाबा, काही हवंय?" "काही नको." झालं. फोन ठेवला की भिंतीला म्हणायचो, हवंय.

एके संध्याकाळी घरमालक डबाभर खजूर घेऊन आला. खजूर आणला म्हणजे बातमी वाईट.

"तुझ्या मुलाचा फोन होता. म्हणाला, महिनाअखेर तू बौशरला जाणार, घर रिकामं होणार."

"कुणी ठरवलं?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. शनिवारी सकाळी एक नवराबायको बघायला येतायत." मग हळूच म्हणाला, "मलाही भाडं लागतं रे. भत्त्यात काय होतं?"

त्याची चूक नव्हती. पण मला ते घर सोडायचं नव्हतं. ती तिथे गेली, त्या ओट्यावर. कार्ड संपलं की गावाला जायचंच आहे, ते मला कळतं. तोवर तिथेच राहायचं होतं. फार मोठी मागणी नव्हती, नळ गळणाऱ्या दोन खोल्यांची होती.

रात्री मुलाचा फोन आला. मी मनाशी म्हटलं, तिची रीत वापरून बघू. इकडचं तिकडचं बोललो. हवा, भाजी, गुडघा. मग घसा साफ केला. "घरमालक आला होता."

"आला होता ना?" मुलगा खूश. "बरं झालं. बोलला तो?"

"बोलला."

"मग ठरलं तर. शुक्रवारी येताना एक बॅग भरूनच या."

तीन शब्द तेच. तिच्या तोंडून पाकीट यायचं, माझ्या तोंडून बॅग भरायची वेळ आली.

शुक्रवारी गेलो. बॅग नेली नाही. नातीचं टेबल हॉलमध्ये आणून ठेवलेलं, तिच्या खोलीत माझ्यासाठी पलंग. नात टेबलाला चिकटून उभी. "आजोबा, तू किती डे राहणार?" तिच्या आईने डोळे मोठे केले. मला मात्र पोरीचं पटलं. घरात तेवढी एकच सरळ बोलत होती.

जेवताना मी मुलाला म्हटलं, "मी येत नाही इकडे. तिथेच राहणार. ते पैसे चालू कर."

"चालू कर म्हणजे?"

"दोन महिने थांबवले होते ते."

मुलाने घास खाली ठेवला. "थांबवले कधी होते?"

"मी तुझ्या आईला सांगितलं होतं."

"ती काहीच बोलली नाही. दर महिन्याला देत होतो तिला." मग त्यालाच कळलं. सून पाणी आणायला उठली. भरलेला तांब्या समोरच होता.

म्हणजे माझा अर्ज ऑफिसात दाबून ठेवलेला होता. मी बाजारात छाती पुढे काढून फिरत होतो आणि मुलाच्या पैशांची सुरमई खात होतो, वर तिलाच कमाईवर भाषण देत होतो. आणि ती ऐकून घेत होती! घरमालकाने असा दुहेरी हात मारला असता तर त्याच्या सरकारने धरला असता. माझ्या सरकारने मला तुकडी वाढली.

"मग आता का बंद केलेस?" मी विचारलं.

"बंद नाही केले. कुणाच्या हातात द्यायचे तेच कळेना. तुम्ही रोज म्हणता काही नको." त्याचा आवाज चढला. "आणि एकटे तिथे राहून करणार काय, बाबा? काही झालं तर? मी इथून दोन तासांनी पोचणार. आईच्या वेळीसुद्धा..."

मला तोवर वाटत होतं की त्याला घरभाडं जड झालंय. तो भ्यालेला होता. एवढा उंच माणूस, ऑफिसात केबिन असलेला.

मी म्हटलं, "रोज फोन करतोसच. उचलला नाही तर घरमालकाला लाव, तो बेकारच आहे, घरीच असतो. कार्ड संपलं की मी गावाला जाईन, तेव्हा हवं तर तू पोचवायला ये. तोवर मला तिथे राहू दे. पैसे दे मला. मी मागतोय."

"आई कधी मागायची नाही."

"तिला मागावं लागत नव्हतं. मला लागतंय."

त्याने ताटातला भात संपवला. मग उठला, हात धुतला, आतून पाकीट आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. हातात दिलं नाही, टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच देत होता, त्याला तरी कसं जमणार?

"दर शुक्रवारी यायचं. चुकवायचं नाही," तो म्हणाला.

"अट आहे का?"

"हो, अट आहे."

रात्र तिथेच काढली, नातीच्या खोलीतल्या त्या पलंगावर, तिच्या ससे असलेल्या चादरीत. सकाळी सगळे उठायच्या आत निघालो आणि पहिल्या बसने रुस्ताक गाठलं.

दार उघडतोय तोच घरमालक त्या नवराबायकोला घेऊन आला. मला बघून ओशाळला. "उस्ताद, तू तिकडे होतास ना?"

"होतो. यल्ला, आत या."

मी त्यांना सगळं घर दाखवलं. नळ गळतो तो दाखवला. दुपारी ऊन कुठून शिरतं ते सांगितलं. शेजारचा पंप पहाटे किती ओरडतो त्याचा आवाज काढून दाखवला. घरमालकाचा चेहरा उतरत चालला. तरी त्या मुलीला घर आवडलं. मागच्या ओट्यावर जाऊन म्हणाली, "इथे वारा छान येतो."

"येतो," मी म्हटलं. "पण घर रिकामं नाही. इथे मी राहतो."

ती दोघं घरमालकाकडे बघू लागली. मी पाकिटातून भाडं काढून त्याच्या हातात दिलं. पाहुण्यांना बसा म्हटलं, चहाला आधण ठेवलं आणि घरमालकाला दूध आणायला दुकानात पिटाळलं.