आबांची हाक कुठून आली?

अकरावीला मी घोडेगावच्या वसतिगृहात राहत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शाळेत आम्ही अदिश आणि सदिश राशी म्हणायचो. कॉलेजात त्याच स्केलर आणि व्हेक्टर होऊन समोर आल्या आणि मला काही उमजेना. शेवटी भौतिकशास्त्राच्या सरांनी पुस्तक मिटलं आणि मराठीतच सांगितलं.

"तापमान, वेळ, वस्तुमान, अंतर यांना नुसता आकडा पुरतो. त्या अदिश. विस्थापन, वेग, बल यांना आकड्याबरोबर दिशाही लागते. दिशा सांगितली नाही तर उत्तर अर्धंच."

सोमवारी चाचणी होती. वही घेऊन शनिवारी पहिल्या एसटीनं तळेघरला उतरले आणि दीड तास चालत घरी आले, तर आई दारात उभी.

"म्हस सुटली म्हणून उजाडताच गेलं आबा. अजून न्हाई आलं."

आबा म्हणजे माझे वडील. श्रावणातलं धुकं. दारापुढचा गोठासुद्धा दिसत नव्हता. तेवढ्यात शेजारचे काका धापा टाकत आले. "म्या ऐकली त्याची हाक. लई लांब न्हाई, हाकंच्या टप्प्यात हाय."

"कुठल्या अंगाला?" मी विचारलं.

काकांनी धुक्याकडं गोल हात फिरवला. "धुक्यात काय कळतंय, पोरी. चहूकडनं आल्यावानी वाटली."

आम्ही दोघं निघालो. मी ओरडत होते, "आबाऽऽ!" एकदा ओ आली. मला वाटलं डावीकडून, काकांना वाटलं उजवीकडून. आधी डावीकडं गेलो, तिथं कडा तुटलेला. काकांनी माझा दंड धरून मागं ओढलं. मग उजवीकडं गेलो. दोन तास चिखल तुडवल्यावर आमच्याच पावलांचे ठसे समोर आले. निघालो तिथंच परत आलो होतो. चाललेलं अंतर दोन-तीन मैल, विस्थापन शून्य. अशा वेळी हे डोक्यात आलं याची मला इतकी लाज वाटली की मी तिथंच खाली बसून रडायला लागले. आबांची ओसुद्धा आता येत नव्हती.

"ऊठ," काका म्हणाले. "म्हस पाण्याकडं जाती. वढ्यातनं खाली जाऊ. पाणी तरी वाट चुकत न्हाई."

गुडघाभर पाण्यातून, दगड चाचपत आम्ही उतरलो. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आधी म्हैस दिसली, शांतपणे चरत असलेली. तिच्या पलीकडं, खडकाखाली आबा. पाय मांडीपासून विचित्र वळलेला, ओठ निळे. ओरडून ओरडून त्यांचा आवाज गेला होता.

"आली व्हय तू," एवढंच पुटपुटले.

काका धावत वर जाऊन माणसं घेऊन आले. घोंगडीची झोळी करून चौघांनी आबांना तळेघरपर्यंत आणलं, तिथून जीपनं घोडेगावला. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याला पाठवलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आबा सहा महिने खाटेवर होते आणि उठले तेव्हा एक पाय आखूड झाला होता. चाचणी तर बुडालीच, दिवाळीआधी कॉलेज सोडून मी वसतिगृहातली ट्रंकही घरी आणली. त्या वर्षीचं भात आई आणि मी कापलं.

पुढल्या जूनमध्ये काकांनीच मला परत घोडेगावला नेऊन सोडलं. तोवर माझ्या वर्गातल्या मुली बारावीत गेल्या होत्या.