बंद यंत्राची पूजा

मी तापट आहे, हे घरचे सांगतातच. कोर्टात ते कंपनीच्या वकिलांनीही सांगितलं. "बाईंचा स्वभावच तसा, म्हणून ही तक्रार." वा! म्हणजे यंत्राची मोटर माझ्या स्वभावानं जळली तर.

दुचाकींचे ब्रेकशू बनवणाऱ्या कंपनीत मी तपासणीला होते. शूवर चिकटवलेलं, घासून गाडी थांबवणारं लायनर ताण दिल्यावर सुटतं का, हे पाहणारं एकच यंत्र होतं आमच्याकडे. त्याची मोटर जळली आणि दुरुस्ती लांबत गेली. माल मात्र थांबला नाही. जुन्या चाचण्यांचे आकडे जरा इकडेतिकडे करून नवे रिपोर्ट निघायला लागले. मी वरपर्यंत सांगून पाहिलं. "जरा समजून घ्या, मॅडम." काय डोंबल समजून घेऊ? शेवटी सरकारकडे तक्रार केली. कंपनीनं घाईघाईनं मोटर बदलली, मला काढून टाकलं, आणि प्रकरण कोर्टात गेलं. तिथं मला एवढंच सिद्ध करायचं होतं, की ते यंत्र तेव्हा बंद होतं.

कंपनीच्या वकिलांनी एक फोटो पुढे केला. तक्रारीआधीच्या खंडेनवमीचा. त्या दिवशी कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते. झेंडूच्या माळेत आमचं यंत्र, पॅनेलवर हिरवा दिवा, आणि समोर हात जोडून मी.

"बंद यंत्राला नमस्कार करत होतात?"

"हो," मी म्हणाले. "सणाला बंद यंत्र वगळत नाहीत."

"आणि दिवा?"

दिव्याची जोडणी मोटरपासून वेगळी होती. तो सरांनी लावला होता. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. हाताला धरून काम शिकवलं त्यांनी मला. "आजच्या दिवशी तरी अंधारात नको बिचारं," असं म्हणत त्यांनीच बटण दाबलं होतं. मी तसं सांगितलं. पुढच्या तारखेला सरांची साक्ष झाली. त्यांचा मुलगा नुकताच त्याच कंपनीत लागला होता. तरी मला वाटत होतं, सर खोटं बोलणार नाहीत.

"यंत्र चालू होतं," सर म्हणाले. "पूजा आपण चालू यंत्राचीच करतो." माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. मी मात्र पाहत राहिले, आणि मला रडू आलं. रागानं नाही. माझी तक्रार फेटाळली गेली.

यंदा दसऱ्याला नवऱ्यानं मंडईतून झेंडू आणला. लेकीनं स्कूटर धुतली, माळ घातली, हळदकुंकू लावलं. क्लासला निघायची घाई होती तिला. त्या स्कूटरचे ब्रेकशू कालच गॅरेजमध्ये बदलून आणले होते. मी सहज त्यांचा रिकामा खोका उचलून पाहिला. आमच्याच कंपनीचे. वर 'तपासलेले' असा शिक्का.

मी तिच्या हातातून किल्ली ओढून घेतली.

"अगं आई, काय हे!"

"बसनं जा."

"तुझं अजून संपलं नाही का ते?" नवरा म्हणाला.

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माळा घातलेल्या दुचाकी ओळीनं उभ्या होत्या. एकेक जण येत होता, हात जोडत होता, गाडी चालू करून फाटकाबाहेर पडत होता. कुणाकुणाच्या किल्ल्या काढून घेणार होते मी?