लेकाला इचार

मानवतच्या मुलींच्या शाळेत मी नुकतीच लागले होते तेव्हाची ही गोष्ट. आमच्या मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचे यजमान फौजेत होते, ते चीनच्या लढाईतून परतले नाहीत. त्यानंतर बाईंनी काही शिक्षिका आणि अडत्यांच्या बायका गोळा करून एक लहानसं मंडळ सुरू केलं. लढाईत हात-पाय गमावलेल्या आसपासच्या जवानांना भेटायचं, नकली पायाचे तुटलेले पट्टे बदलून आणायचे, कुणाचं पेन्शन अडलं तर परभणीला खेटे घालायचे. शनिवारी शाळा सुटली की आम्ही मोजे शिवायचो. नकली पाय चढवण्याआधी उरलेल्या मांडीवर घालायचे, जाड सुती, नुसत्या पिशवीसारखे. प्रत्येकाचं माप वेगळं. मशीन चालवताना त्या त्या माणसाचा चेहरा समोर यायचा, आणि ते मला सोसायचं नाही.

सोनपेठच्या वाटेवरच्या एका गावात एक हवालदार राहायचे. एकाहत्तरच्या लढाईत सुरुंगावर पाय पडून त्यांचा उजवा पाय मांडीतून गेला होता. बौद्धवस्तीच्या टोकाला त्यांचं मातीचं घर, बाहेर लिंबाखाली बाज. आम्ही गेलो की ते आधी कडक सलाम ठोकायचे, मग हसायचे. मी पहिल्यांदा मोजे घेऊन गेले तेव्हा म्हणाले, "बाई, नसलेला पाय लय खाजतो. खाजवावं तर जागाच न्हाई." त्यांची बायको आतून म्हणाली, "मला म्हणतेत, तळवा खाजव. म्या बाजंवरच खाजवते. मग झोपतेत." तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. एसट्या बंद पडल्या. शाळेला सुट्टी दिली. गावागावांतून बौद्धवस्त्या जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि मोठ्या बाई दिवसभर ओसरीवर येरझाऱ्या घालत राहिल्या. गाड्या सुरू झाल्या त्याच दिवशी आम्ही दोघी निघालो.

फाट्यावर उतरलो. गाव नेहमीसारखंच होतं. पिठाची गिरणी चालू होती, पारावर माणसं बसली होती. आम्हाला पाहून ती बोलायची थांबली. वस्तीत मात्र कुणीच नव्हतं. भिंती उभ्या होत्या, वर छपरं नव्हती. हवालदारांच्या घरात राख पावसानं भिजून थिजली होती. तिच्यात मला लोखंडाचा वाकलेला तुकडा दिसला, दोन कड्या आणि मधे खिळा. नकली पायाचा गुडघा होता तो. मी उचलायला वाकले तर बाई म्हणाल्या, "राहू दे. हात लावू नको."

हवालदार परभणीत मेव्हण्याकडे आहेत असं फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं हळू आवाजात सांगितलं. तिथं गेलो. ते भिंतीला टेकून पोत्यावर बसले होते. या वेळी सलाम ठोकला नाही.

"दिवे लागायच्या टायमाला आले," ते म्हणाले. "म्या पाय काढून खुंटीला अडकवला व्हता. घालायला येळच न्हाई मिळाला. हिनं मला काखंत धरून हायब्रीडच्या ज्वारीत ओढलं. तिथून बघायलो व्हतो आमी. बाकीचं काय न्हाई हो बाई, पर आवाज वळखीचे व्हते."

बाईंनी नव्या पायाची गोष्ट काढली. नकली पाय बनवणाऱ्या पुण्याच्या केंद्राला पत्र घालते म्हणाल्या. मी टेप काढून मांडीचं माप घ्यायला बसले. टेप लागताच ते शहारले.

"दुखतं का?"

"न्हाई. पाय भाजायलाय." त्यांनी मांडीच्या पुढच्या रिकाम्या जागेकडं बोट केलं. "तवा खाजायचा. आता भाजतोय. पाणी वतावं तर कुठं वतावं?"

त्यांच्या बायकोनं तोंड फिरवलं. माप मी दोनदा चुकले.

नवा पाय यायच्या आधी, मानवतच्या बाजाराच्या दिवशी, एक म्हातारी शाळेत आली. त्याच गावची, चांगल्या खात्यापित्या कुणब्याच्या घरातली. तिनं पदराची गाठ सोडली आणि बाईंच्या टेबलावर चांदीचे तोडे ठेवले.

"हवालदाराच्या पायासाठी द्या."

बाईंनी विचारलं, "तुम्ही का देता?"

म्हातारीनं तोडे बोटानं पुढं सरकवले. मग म्हणाली, "माझं लेकरू त्या दिवशी त्या लोकांत व्हतं. त्यानं काडी लावली का न्हाई, मला म्हाईत न्हाई. म्या इचारलं न्हाई. ते जेवाय बसलं की अंगाला धुराचा वास येतो. धुतलेल्या कापडाला बी येतो. सुनंला इचारलं तर म्हणती, तुमालाच येतो."

हवालदारांना विचारल्याशिवाय घेणार नाही, असं बाईंनी तिला सांगितलं आणि तोडे ठेवून घेतले. रविवारी आम्ही परभणीला गेलो. हवालदारांनी सगळं ऐकलं. तोडे हातात घेऊन त्यांचं वजन बघितलं आणि माझ्या हातात परत दिले.

"वापस करा. आन तिला म्हणावं, एकदा लेकाला इचार."

निरोप द्यायला मीच गेले. म्हातारी दारात शेंगा फोडत बसली होती. मी तोडे दिले आणि शब्द जसेच्या तसे सांगितले. तिनं तोडे सुपात टाकले आणि वरून शेंगा ओढल्या. एवढंच.

मंडळाच्या पैशातून पाय आला. हवालदार तो घालून चालायला शिकले आणि पुढच्या उन्हाळ्यात गावी परत गेले. त्याच जागी घर बांधलं. मी त्यांच्या बायकोला विचारलं, "भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "वाटती ना. पर ह्ये म्हणतेत, मी काय केलंय म्हणून गाव सोडू? आता रोज सांजंला दाराशी पाण्याची घागर ठिवून बसतेत. पाय काढीत न्हाईत. मी झोपले की कवातरी काढत असतील."

त्या पावसाळ्यात आम्ही मोजे घेऊन गेलो असताना ती म्हातारी वस्तीत आली. उभ्या जन्मात तिनं त्या वस्तीत पाऊल टाकलं नसेल. लिंबापाशी येऊन थांबली. हवालदार बाजेवरून उठले आणि लिंबाचा बुंधा धरून उभे राहिले.

"इचारलं," ती म्हणाली.

"मग?"

"व्हय म्हणला."

शेजारच्या घरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"बसा," हवालदार म्हणाले.

ती बाजेच्या कडेला बसली. हवालदारांची बायको कितीतरी वेळ दारातच उभी होती. मग आत गेली, तांब्या घेऊन आली आणि म्हातारीपुढं धरला. ती पाणी प्याली. तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं आणि आली तशी निघून गेली. चिखलात पाय रुतत होते, कुणी आधार दिला नाही.

माझे डोळे भरून आले होते. हवालदारांच्या बायकोनं ते बघितलं.

"बाई, रडू नका," ती म्हणाली. "पाणी पिली म्हणून काय झालं? माझ्या लेकीचं बाळंतपणाचं गठुडं त्या जळलेल्या घरात व्हतं. झबली शिवून ठिवली व्हती. त्याचं कोण इचारणार?"

हवालदार अजून उभेच होते.

संध्याकाळच्या गाडीसाठी आम्ही फाट्यावर आलो. तिथं सायकल धरून एक तरुण उभा होता, माझ्याच वयाचा असेल, पांढरा शर्ट, नुकतीच दाढी केलेली. गाडी आली तशी तो पुढं झाला. "द्या बाई," म्हणून त्यानं मोठ्या बाईंची जड पिशवी वर चढवून दिली आणि नमस्कार केला. बाईंनीही मान लववली. तो कोण, ते आम्हाला माहीत नव्हतं. गावातला कुणीही असू शकत होता. गाडी हलली तरी तो तिथंच होता, आणि मी खिडकीतून त्याच्या हातांकडे बघत होते.