पहिला ठोका

माझ्यासारखी ट्रम्पेट वाजवणारा जव्हारात दुसरा कोणी नव्हता, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. एरवी भांड्यांना कल्हई आणि लग्नसराईत बँड, हा आमच्या घरचा धंदा. बँड चाचांचा. पोटावर मोठा ढोल बांधून ते सगळ्यांत पुढे चालायचे. पहिला ठोका त्यांचा, मग आमची फुंकर. "ढोल सुटला की बारात सुटली," असं ते म्हणायचे.

ऐंशीच्या सुमारास चाचांचा मुलगा, माझा चुलत भाऊ, मुंबईहून परतला. तिकडे एका हॉटेलात वादकांचं सामान उचलता उचलता तो ड्रम वाजवायला शिकला होता. येताना त्याने एक जुना ड्रमसेट आणि जॅझ, फंक, रेगे अशा परदेशी संगीताच्या तीन कॅसेटी आणल्या. जॅझमध्ये म्हणे मुखडा वाजवून सुटायचं, मनाला येईल तिथे भटकायचं आणि पुन्हा मुखड्यावर यायचं. ते मला दोन दिवसांत जमलं. फंकचा तुटक ठेका ताशेवाल्याने उचलला. घोडं अडलं ते रेगेवर. रेगेत पहिला ठोका वाजतच नाही, तिथे जागा रिकामी सोडायची. चाचांचा हात मात्र सवयीने नेमका तिथेच पडायचा.

जव्हारातल्याच एका वरातीत ड्रमसेट हातगाडीवर ठेवून आम्ही ते वाजवून पाहिलं. नाचणारे अडखळले. "मास्तर, ढोल चुकतोय," कोणीतरी म्हणालं. चाचा कानापर्यंत लाल झाले. घरी आल्यावर मुलाला म्हणाले, "अजून एक लग्न. लोक नाचले तर ठीक, नाहीतर ही तुझी डबडी मुंबईला परत. तूही जा त्यांच्याबरोबर."

तो गेलाही असता, बापाइतकाच हट्टी होता. मला तो जायला नको होता. आपण नुसती वरात हाकत नाही, वाजवतो, हे मला त्याच्यामुळे कळलं होतं.

पुढचं लग्न पोशेऱ्याला, आदिवासी पाड्यावर होतं. नवरदेव भिवंडीला मागावर कामाला, म्हणून त्याला बँडची हौस. दुपार कलताना मांडवापुढच्या अंगणात आम्ही टोप्या सारख्या केल्या, वरातीत उभे राहतो तसे एका रांगेत उभे राहिलो आणि सुरू झालो. समोर बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून तयार होते, पण नुसते बघत होते. मी जीव तोडून फुंकलं. पाऊल कोणी उचलेना. भाऊ खाली मान घालून वाजवत राहिला.

गाणं संपलं तसा एक म्हातारा पुढे आला. भाताच्या दिवसांत गावात तारपा, म्हणजे भोपळ्याचं ते लांब फुंकवाद्य, वाजवणारा हाच. लग्नात तारपा वाजत नाही, म्हणून आज मोकळा होता.

"रांगेत उभं ऱ्हायलं तं आमी नाचू कोनाभवती?" तो म्हणाला. "मधी या."

तारप्याला पाठ न दाखवता त्याच्याभोवती फिरायचं, ही त्यांची रीत. मी ती लहानपणापासून बघत आलो होतो आणि तरी वाजवायला उभा राहिलो तो परेड असल्यासारखा. एवढा शहाणा मी, पण तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. आम्ही ड्रमसेट उचलून अंगणाच्या मधोमध मांडला.

भावाने पुन्हा रेगे धरला. माणसांची साखळी आमच्याभोवती फिरू लागली. आणि जिथे आम्ही जागा रिकामी सोडत होतो, तिथेच सगळ्यांची अनवाणी पावलं एकदम जमिनीवर पडली. मग आमचा ठेका, मग पुन्हा पावलं. मी मुखडा सोडून सुटलो आणि त्या दिवशी जे वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही.

चाचांचा हात मात्र वरच राहिला होता. त्यांच्या ठोक्याची जागा गावाने घेतली होती. जन्मभर पुढे चाललेला माणूस असा मधोमध रिकामा उभा राहिलेला मला बघवेना. भावाने ते पाहिलं आणि त्याचा हात सैलावला.

"थांबू नकोस," चाचा त्याला म्हणाले. त्यांनी खांद्यावरचा पट्टा सोडवला, ढोल मांडवाच्या खांबाला टेकवला, बूट काढले आणि ते साखळीत शिरले. पुढचा पहिला ठोका बापाने पायाने दिला.