आधी थेंब

यांच्या उशाशी सलाइनचा पंप आहे. त्याच्या पडद्यावरचं घड्याळ क्षणभर थबकलं, तशी मी किंचाळलेच! माझी भाची असली यंत्रं बनवते. ती म्हणाली, "मावशी, घाबरू नकोस. आत डोकं एकच. थेंब सोडायची वेळ झाली की ते हातातलं काम अर्धवट टाकतं. घड्याळ काय, मागून चालेल."

मी हबकलेच बाई. अर्धवट टाकतं? आम्हाला तर शिकवण, हातातलं पुरं करूनच उठावं. सकाळी यांनी न्हाणीतून हाक मारली, तेव्हाही मी म्हटलं, "आले हो, एवढी पोळी उतरवते." पोळी टम्म फुगली. जाऊन बघते तर हे फरशीवर पडलेले.

हे सगळं मी भाचीला सांगत होते, तेवढ्यात हे कण्हले. वाक्य तिथंच टाकून मी उठले.