मामीच्या बातम्या

परवा जेवताना माझा मुलगा म्हणाला, "मी रेडिओ ऐकतच नाही. मग माझ्या करातून सरकारनं तो चालवायचा कशाला? ज्याला ऐकायचा त्यानं पैसे द्यावेत."

मुलाला अजून नोकरी लागायची आहे. कर भरण्याचा त्याचा अनुभव म्हणजे मी त्याच्याकडून मागवलेल्या कोथिंबिरीतून तो ठेवून घेतो ती चिल्लर. पण वाक्य मोठं तेजस्वी होतं. मला घास गिळवेना, इतकं हसू आलं. हेच वाक्य पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मी लकडगंजात ऐकलं होतं. तेव्हा रेडिओला दरवर्षी लायसन काढावं लागे. पोस्टात पैसे भरायचे, पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. आणि हे वाक्य म्हणणारे माझे मामा रेडिओ खरोखरच ऐकत नव्हते, कारण त्यांना ऐकूच येत नव्हतं.

मामांची लकडगंजात, शहराच्या लाकूडबाजारात, ओंडके कापायची आरामशीन होती. सकाळी आरा सुरू झाला की सागाच्या ओंडक्यातून असा चीत्कार निघायचा, की शेजारच्या लाकडाच्या टालीवरची कुत्रीसुद्धा उठून दुसऱ्या गल्लीत झोपायला जायची. त्या आवाजात कोण काय बोलणार? तिथली माणसं ओठ हलवायची आणि हात हलवायची. "चहा सांग," "ओंडका फिरव," "तुझ्या बायकोनं डबा पाठवला," सगळं मुक्यानं. कधी मध्येच वीज जायची, आरा थांबायचा, आणि मामा धरून चारही जण त्या शांततेत तसेच ओठ हलवत राहायचे. मी पाहिलं आहे. एखाद्या नाटकात सगळ्यांचा आवाज एकदम बसावा तसं दिसायचं.

त्या आऱ्यानं मामांचे कान नेले. पण हे घरात कोणी बोलायचं नाही. मामांचं म्हणणं असं, की रेडिओचाच आवाज कमी होत चालला आहे. "पैसे तेवढेच घेतेत अन् आवाज दरसाल कमी करून राहिले," असं ते पाहुण्यांना गंभीरपणे सांगत. पाहुणे माना डोलवत.

मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होते. संध्याकाळी मराठी बातम्यांची वेळ झाली, की मामा अंगणातून आत येत आणि खुर्चीत बसत. मामी रेडिओला खेटून, त्यांच्या उजव्या कानाशी, तांदूळ निवडत बसे. निवेदक शुद्ध मराठीत एक बातमी सांगे आणि लगेच मामी तीच बातमी आपल्या रामटेकच्या बोलीत मामांच्या कानात घाले. मामांना ऐकू येत नाही म्हणून नव्हे हं! "त्या मानसाचं बोलणं लय जड असते, म्हून सोपं करून सांगतो," असं ती म्हणायची.

"तो म्हंते, धान्याचं जहाज येऊन राहिलं. पण मले काही खरं नाही वाटत."

"काहून?"

"मागच्या बारीलेही हेच म्हणे."

मामा हसायचे. दिवसभरात त्या दोघांचं बोलणं तेवढंच. बाकी वेळ मामा आऱ्यापाशी आणि मामी चुलीपाशी.

पहिल्या थंडीत माझ्या लक्षात आलं, की मामीच्या बातम्या निवेदकाच्या बातम्यांपेक्षा जास्त असतात. निवेदक "बातम्या संपल्या" म्हणून मोकळा झाला, तरी मामीचं सुरूच.

"डागदर लोकायनं सांगितलं, म्हंते, की चाळिशीनंतर रात्री चिवडा खाऊ नाही."

मामांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली.

मी स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून हसले. मामी मागून आली. "काय वं पोट्टी, दात काहून काढते? त्यायच्या पोटात दुखते रात्री. मी सांगितलं तर आयकत नाही. सरकारनं सांगितलं तर आयकतेत."

असं सरकार हाताशी असताना मी कशी गप्प बसेन? कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये नाटक बसत होतं. नायिकेचं काम मला मिळालं होतं. मामांची परवानगी मात्र मिळाली नव्हती आणि मिळणारही नव्हती, कारण ती मागायची माझी छाती नव्हती. नाव दोन दिवसांत पक्कं द्यायचं होतं. मी मामीचे पाय धरले.

"मामी, एक बातमी."

"अवं बाप्पा, नाटकाची? जमत नाही. ते मोठी बातमी झाली."

पण मामीच्या डोळ्यांत चमक आली होती. त्या संध्याकाळी तिनं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला आणि अगदी सहज म्हणाली, "दिल्लीची एक मोठी बाई म्हणे, शिकणाऱ्या पोरीयनं नाटकात काम करावं. त्यानं भीड जाते. संसारात कामी पडते."

मामा ताठ बसले.

"काय म्हणे?"

मामीनं पुन्हा सांगितलं, पण या वेळी आवाज जरा पातळ झाला.

"सरकारी रेडिओवर? आमच्या पैशानं? पोरीयले नाटकं शिकवून राहिले?" मामा उभे राहिले. "या साली लायसन भरत नाही मी. उद्या रेडिओ परत. मी ते ऐकत नाही अन् फालतूत पैसे काहून देऊ? अन् त्याच्या आधी जाऊन त्यायले विचारतो. तू चाल गा माझ्यासंग." हे माझ्याकडे बोट करून. रागात ते मलाही, गड्याला म्हणावं तसं, 'गा' म्हणत.

रात्री मामी माझ्याजवळ येऊन बसली. तिला रेडिओची चिंता नव्हती. "तिथं तो साहेब म्हणन, आमी असं सांगितलंच नाही. मग यायले कळन, की मी मनचं सांगतो. अन् मग समद्यायले कळन, यायले आयकू येत नाही. लोकायसमोर मान खाली जाईन वं त्यायची." मग म्हणाली, "अन् मग सांजच्याले मी बोलू काय त्यायच्यासंग?"

दुसऱ्या दिवशी मामा कोट घालून, लायसनचं पुस्तक खिशात ठेवून निघाले. रेडिओ केंद्राच्या फाटकावर चौकीदारानं विचारलं, "काय काम आहे?" मामांनी पुस्तक काढून त्याच्यासमोर धरलं. "मालक आलो आहो."

चौकीदारानं असा भाडेकरू-मालक वाद आयुष्यात पाहिला नसावा. त्यानं आत सोडलं.

आतले साहेब सडपातळ आणि सभ्य होते. मामांनी उभ्यानंच तक्रार सुनावली. साहेबांनी ती शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "अहो, पण आमच्या बातम्यांत असं काही नव्हतंच. काल तर नाहीच नाही."

मामा माझ्याकडे वळले. "काय म्हंते?"

आयुष्यातली माझी पहिली भूमिका ती. ना मेकअप, ना प्रॉम्प्टर. मी मामांच्या कानाशी ओरडले, "साहेब म्हणतात, वाक्य जरा जास्तच झालं. पुढं काळजी घेऊ!"

साहेबांनी चष्मा काढला. "यांना ऐकायला कमी येतं का?"

"साहेब म्हणतात, तुमच्यासारखे जागरूक लोक आहेत म्हणून रेडिओ चालतो!"

"हं," मामा म्हणाले. "त्या बाईचं नाव विचार."

मी साहेबांकडे पाहून हात जोडले. साहेब आता खुर्चीत मागे रेलले होते. त्यांना मजा येत होती. "मुली," ते म्हणाले, "तू आमच्याकडे रेडिओच्या श्रुतिकांमध्ये काम का करत नाहीस? इतक्या सरळ चेहऱ्यानं खोटं बोलणारी पोरगी आमच्याकडे एकही नाही."

"साहेब विचारतात, चहा घेणार का!"

"घेतो," मामा म्हणाले. बिचाऱ्या साहेबांना चहा मागवावा लागला.

चहा झाल्यावर साहेब म्हणाले, मालक आलेच आहेत तर मालमत्ता पाहून जाऊ द्या. एका लांब ओसरीतून त्यांनी आम्हाला एका जाड काचेपाशी नेलं. काचेपलीकडे एक बाई माइकसमोर कागद वाचत होती. आवाज बाहेर अजिबात येत नव्हता. साहेबांनाही येत नव्हता, मलाही नाही. मामा काचेला नाक लावून बराच वेळ उभे राहिले. मग एकदम वळून म्हणाले, "काटोलच्या बाजारात संत्र्याचा भाव उतरला, म्हंते."

साहेब आत जाऊन विचारून आले. भाव उतरला होता.

मी तिथंच बसले. म्हणजे बसायला काही नव्हतं, भिंत होती. आऱ्यापाशी इतकी वर्षं ओठांवरून बोलणं वाचणारा माणूस! त्या खोलीत साहेबांचा शब्दन्शब्द मामांनी पाहिला होता. त्यावर माझं भाषांतरही ऐकलं होतं.

बाहेर आल्यावर मामांनी हातगाडीवरून संत्री घेतली. एक सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं. मी मान वर करेना.

"चहाचं तर त्यानं विचारलंच नव्हतं," मामा म्हणाले.

"मामा, चुकलं माझं."

"काय चुकलं? नाटक बरं केलंस. कॉलेजातलंही कर. मधात एकदा हात जोडले, ते जरा जास्त झालं." बी थुंकून ते म्हणाले, "मले पाहाचंच होतं, तुले जमते का. मामी काही उगाच एवढी मोठी बातमी देणार नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अवं, बातम्या मी मशिनीवर पेपरात वाचतो. चिवड्याची बातमी कोण्या पेपरात असते काय?"

मला हसूही आलं आणि दुसरंही काहीतरी आलं. "मग लायसन कशाला भरता? तुम्ही तर काही ऐकत नाही."

"रामटेकच्या गडावर त्रिपुरी पुनवेले दिवा लागते. मी कधी पाहाले जातो? तरी तेलाचे पैसे देतो. मामीचं माहेर गडाच्या खालीच आहे. ते लोक पाहतेत." मग त्यांनी माझ्या हातातली सालं घेऊन आपल्या कोटाच्या खिशात टाकली, लायसनच्या पुस्तकाशेजारी. "पोस्ट उघडं असन. चाल. अन् मामीले यातलं एकही सांगजो नको."

संध्याकाळी मामी रेडिओपाशी बसली ती अपराध्यासारखी. साहेबानं काय म्हटलं, हे विचारायची तिची हिंमत नव्हती. मी तिला फक्त एवढंच कळवलं होतं, की नाटकाला हो म्हणाले आहेत. निवेदक बोलू लागला. मामीनं त्या दिवशी बातम्या जशाच्या तशा सांगितल्या. ना शेरा, ना शंका. जहाज आलं, तर आलं. निवेदक थांबला, तशी तीही थांबली.

मामा वाट पाहत होते.

"अन्?"

"अन् काय? संपल्या."

"आज आपल्यासाठी काहीच नाही सांगितलं काय त्यायनं?"

मामीनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ताटलीतले तांदूळ एकदा उगाच सारखे केले.

"सांगितलं ना," ती म्हणाली. "थंडी वाढून राहिली, म्हंते. मानसायनं कानटोपी घालावी."

मामांनी खुंटीवरची कानटोपी काढली, दोन्ही कानांवर ओढून घट्ट बसवली, खुर्ची मामीकडे फिरवली आणि तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "हं. पुढं सांग."