जालिंदरचं पीठ

लोणीच्या माळावर डाळिंबाच्या बागा आल्या आणि जालिंदरच्या मेंढरांना चरायला फक्त बांध उरले. मग तोही बागांत शिरला, पाठीवर पंप घेऊन. विषारी औषध मारायला सहसा कुणी तयार होत नसे. तो झाला.

फवारणीला जाताना तो खांद्यावरची घोंगडी लांब, बाभळीवर टांगायचा. काम झालं की विहिरीवर साबण लावून अंघोळ, मगच घोंगडी अंगावर. घोंगडी रोज धुवायची वस्तू नव्हे, आणि नवी कोकरं तो त्याच घोंगडीत गुंडाळायचा. एवढं जपूनही एका उन्हाळ्यात फवारलेल्या बागेतलं गवत खाऊन त्याच्या काही मेंढ्या मेल्या. तोंडाला फेस आला, पाय झाडले, संपल्या. त्यातली एक गाभण होती. जालिंदर तिच्याजवळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा पंप उचलला.

अठ्ठ्याण्णव साली बागवाल्या संपतने एक पुडा आणला. आत भुरकट पावडर, जिवाणूंची. अळीने ती पानाबरोबर खाल्ली की तिचं खाणं थांबतं, मग दोन-तीन दिवसांत ती मरते. माणसाला, गुराला काही होत नाही, असं संपतने पुड्यावरचं वाचून दाखवलं. उन्हात जिवाणू टिकत नाहीत, म्हणून फवारणी दिवस कलल्यावर. तीही अळी फळात शिरण्याआधी. एकदा आत गेली की तिच्यापर्यंत काही पोचत नाही.

जालिंदरने संध्याकाळी ती फवारली. सकाळी माणसं बागेत जमली. अळ्या फिरत होत्या.

“जालिंदर, तुझ्या अळ्या तर ठणठणीत हायेत की राव!”

“असू द्या. खात्यात का, ते बघा.”

“पीठ चारलंस व्हय त्यांना? लई गुबगुबीत झाल्यात.”

तेव्हापासून त्या पावडरीला ‘जालिंदरचं पीठ’ असं नाव पडलं. दोन-तीन दिवसांनी अळ्या काळ्या पडून लोंबायला लागल्या. जालिंदरने एक बोटावर घेतली. आतून तिचं पाणी झालं होतं.

पुढे कुणी शंका काढली की तो बोट पुड्यात बुडवून चाटून दाखवायचा. त्याची बहीण सुंदरा एकदा ते बघून हसली होती. “दादा, नुसतं नको खाऊ, भाकर आणू का?”

या पिठाने त्याच्या सवयी सैल केल्या. मेंढरं बागेत त्याच्या मागे मागे चरायची. अंघोळ दुसऱ्या दिवसावर गेली. घोंगडी बाभळीवर टांगायचं बंद झालं.

सुंदरा गावातच, पलीकडच्या वस्तीवर दिलेली. नवरा वारला तेव्हा तिने दिराकडून, भिमाजीकडून, रानाचा एक तुकडा मागून घेतला. त्यात तुती लावली आणि पत्र्याच्या शेडमध्ये रेशमाच्या अळ्या पाळल्या. पहिली खेप उन्हाने गेली.

“वैनी, ह्या खेपंला कोष निघालं न्हाईत तर तुती उपटनार,” भिमाजी म्हणाला. “टमाटी लावू. तुमाला काय, बसून खावा.”

“मला बसून खायाचं न्हाई,” सुंदरा म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिने पत्र्यावर उसाचं पाचट घातलं, भोवती ओली गोणपाटं सोडली. हात धुतल्याशिवाय ती कुणाला आत येऊ देत नसे. चौथी कात टाकून अळ्या बोटाएवढ्या झाल्या. शेडमध्ये रात्रंदिवस एकच आवाज. मेंढरं अंधारात गवत तोडतात तसा. तो ऐकत सुंदरा दाराशी झोपायची. आता चार दिवसांत कोष.

शेवटी शेवटी पाला पुरत नाही. जालिंदर मदतीला गेला. आदल्या संध्याकाळी त्याने संपतच्या बागेत पीठ फवारलं होतं. दिवसा ऊन असलं तरी संध्याकाळी गार वारं सुटायचं, घोंगडी अंगावरच होती. सकाळी तुती कापली. पाला गुंडाळायला सुंदराचं ओलं फडकं अपुरं पडलं. पाला सुकू नये म्हणून त्याने घोंगडी पसरली आणि त्यात भारा बांधला.

“हात धू आधी,” शेडच्या दारात ती म्हणाली.

“धुतलं की.”

घोंगडीचं कुणाच्या मनात आलं नाही.

संध्याकाळपर्यंत आवाज थांबला. अळ्या पाल्यावर नुसत्या पडून होत्या. दुसऱ्या दिवशी त्या ओकल्या, मऊ झाल्या, काळ्या पडल्या.

“पुन्हा ऊन लागलं,” भिमाजी म्हणाला.

“आत गार हाय. हात लावून बघा,” सुंदरा म्हणाली.

जालिंदरने एक अळी बोटावर घेतली. पाणी. त्याने खांद्यावरची घोंगडी उलगडली. विणीत भुरकट पूड सुकून बसली होती.

“सुंदरा, माझ्या पिठानं झालं ह्ये. घोंगडीत व्हतं.”

सुंदराने विणीवरून बोट फिरवलं.

“तू तर चाटायचास, दादा.”

“व्हय.”

“मग?”

“मी अळी न्हाई.”

तो भिमाजीकडे वळला. “चूक माजी हाय. तिची न्हाई. अजून एक खेप घिऊ दे तिला.”

“चूक कुनाचीबी असंल, पावणं. कोष न्हाईत ना?”

सुंदराने अळ्या पाटीत भरल्या आणि बांधाकडेला पुरल्या.

तुती उपटायच्या आदल्या दिवशी तिने निरोप धाडला, मेंढरं घेऊन ये, पाला वाया जाईल. तो आला. रानाच्या टोकाला बाभळ होती, तिथं त्याने घोंगडी टांगली. मेंढरं तुतीत शिरली. त्यांना काही होण्यासारखं नव्हतं आणि काही झालंही नाही. ती पाला तोडत राहिली. सुंदरा शेडपाशी उभी राहून तो आवाज ऐकत होती. जालिंदर दुसरीकडे बघत होता.

पाला संपला. मेंढरं बाहेर पडली. सुंदराने दाराशी ठेवलेल्या पाण्याने हात धुतले आणि ती रिकाम्या शेडमध्ये गेली.